तासाचे भाडे आणि चुकीची बकेट

मुक्ताईनगर तालुक्यात उन्हाळा लागला की शेतकरी, ग्रामपंचायत आणि ठेकेदार सगळेच जेसीबीच्या मागे लागतात. तळ्यातला गाळ काढायचा असतो, बांध दुरुस्त करायचे असतात, शेणखत ट्रॉलीत भरायचे असते, ठिबकची मुख्य पाइपलाइन पुरायची असते, घराचा पाया खणायचा असतो, केळीची जुनी बाग मोडायची असते. मालकाला फोन लावला की पहिला प्रश्न तासाच्या दराचा आणि दुसरा यंत्र कधी मोकळे होईल याचा. त्या यंत्राला पुढे आणि मागे काय जोडलेले आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. यंत्र आले म्हणजे काम झाले, असे सगळे धरून चालतात. माझे म्हणणे असे की, कामाला शेवटी किती पैसे लागतील हे दरापेक्षा या न विचारलेल्या प्रश्नावर जास्त ठरते. तो विचारला जात नाही, याला लोकांचे अज्ञान फारसे जबाबदार नाही. भाडे तासावर ठरते, हे त्याचे खरे कारण आहे. चुकीच्या बकेटमुळे चार तासांचे काम सहा तासांवर गेले, तर वरच्या दोन तासांचे पैसे यंत्रमालकाच्या खिशात जातात आणि तोटा काम करून घेणाऱ्याच्या माथी बसतो. ज्याच्या हातात बकेट बदलणे आहे त्याला ती बदलण्याची गरज वाटत नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला बदलता येते हेच माहीत नसते.

हे यंत्र मुळात घडले कसे, ते पाहिले तर जोडणीचे महत्त्व लगेच ध्यानात येते. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफोर्ड यांनी १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी उलटणारी ट्रॉली बनवून धंदा सुरू केला आणि १९५३ मध्ये पुढे भरणारी बकेट व मागे खोदणारा हात एकाच ट्रॅक्टरवर बसवला. भारतात हे यंत्र १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सबरोबरच्या भागीदारीतून हरियाणातल्या बल्लभगड इथे तयार होऊ लागले. पुढे पुण्याजवळ तळेगावलाही कारखाना आला. आता इतरही कंपन्या अशीच यंत्रे बनवतात. छोट्या, जागच्या जागी फिरणाऱ्या लोडरची कथा तर आणखी बोलकी आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका टर्की कोंबड्यांच्या पालनकर्त्याला खांबांच्या गर्दीतल्या खुराड्यातली घाण काढायची होती. मोठा ट्रॅक्टर आत वळत नव्हता. रॉथसे गावच्या सिरिल आणि लुई केलर या भावांनी १९५७ मध्ये त्याच्यासाठी तीन चाकांचा चिमुकला लोडर बनवला. त्याच्यावरूनच पुढे बॉबकॅट यंत्र विकसित झाले. त्या भावांपुढे आधी काम होते, जागा होती, उचलायचा माल होता, आणि यंत्र त्यावरून ठरले. आपल्याकडे यंत्र आधी दारात येते आणि काम त्याच्या मापाने कापले जाते. लोडर म्हणजे इंजिन, चाके, तेलाचा दाब आणि दोन हात. मातीला, खताला, कापसाला किंवा खडकाला यंत्र प्रत्यक्ष भिडते ते हाताच्या टोकाला जोडलेल्या अवजाराने. त्यामुळे साधारण पंचाहत्तर अश्वशक्तीच्या इंजिनातली किती ताकद कामी येते आणि किती वाया जाते, हे त्या टोकाला ठरते.

निवड करताना पहिला हिशेब मालाच्या वजनाचा. आपल्या भागात जास्त दिसणाऱ्या लोडरची पुढची बकेट साधारण १.१ घनमीटरची असते. आपला ब्रास शंभर घनफुटांचा, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर, त्या मापाने अडीच-पावणेतीन बकेटांत एक ब्रास भरतो. पण ब्रास हे आकारमान आहे, वजन नव्हे, आणि यंत्राला कळते ते फक्त वजन. ओल्या गाळाचे वजन घनमीटरला दीड टनाच्या वर जाते. बकेट शिगोशीग भरली तर पावणेदोन-दोन टनांचे ओझे पुढच्या चाकांवर येते. तीच बकेट कुजलेल्या शेणखताने भरली तर ओझे पाऊण टनाच्या आसपास राहते. मोकळा, न दाबलेला कापूस भरला तर शंभर-सव्वाशे किलोंच्या पुढे जाणे कठीण. म्हणजे एकच बकेट गाळाच्या कामात यंत्राला जेरीस आणते आणि जिनिंगच्या आवारात जवळजवळ रिकामी फिरते. म्हणूनच लोडर बनवणाऱ्या कंपन्या हलक्या मालासाठी मोठी आणि जड मालासाठी लहान, जाड पत्र्याची बकेट वेगळी देतात. चाकाच्या लोडरसाठी जगभर मानला जाणारा एक नियम असा आहे की, ज्या वजनाला यंत्राची मागची चाके उचलली जाऊ लागतात, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त ओझे बकेटमध्ये घेऊ नये. या निम्म्यात जोडलेल्या अवजाराचे जादा वजनही धरायचे असते. जड अवजार लावले की माल उचलण्याची क्षमता तेवढीच घटते, हे साधे गणित मोठी बकेट बसवून घेणारे अनेकजण विसरतात. मोठी बकेट म्हणजे जास्त काम, हा समज शेणखताला लागू पडतो, गाळाला नाही.

ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवण्याची पद्धत आता गावोगावी रुजली आहे. तिथे हा हिशेब आणखी कडक लागतो. ट्रॅक्टरचा पुढचा आस मुळात ओझे पेलण्यासाठी नसतो. तो वळवण्यासाठी असतो. मागे पुरेसे वजन न बांधता पुढे ओली माती उचलली तर मागच्या चाकांची पकड सुटते, आणि ब्रेक बहुतेक ट्रॅक्टरना मागच्याच चाकांना असतात. उतारावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

वजनानंतर धार. बकेटच्या ओठाला दात आहेत की सरळ पाते, हा फरक लांबून किरकोळ वाटतो. घट्ट मुरूम, दगडमिश्रित माती किंवा वर्षानुवर्षे तुडवलेली पांढरी फोडायची तर दात हवेतच. सगळा जोर पाच-सहा टोकांवर येतो आणि जमीन तडकते. पण तळ्यातल्या गाळाचे तसे नाही. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राबवली जाते आणि तिच्यात तलावातला गाळ शेतकरी शेतात नेऊन टाकतात. तापी-पूर्णेच्या पुराने आणलेली सुपीक माती ओळखणाऱ्या या भागाला गाळाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. गाळ मऊ असतो आणि त्याच्या खाली तलावाचा मूळ तळ असतो, कुठे मुरमाचा तर कुठे चुनखडीच्या खड्यांचा. दातांची बकेट या दोघांत भेद करत नाही. ती गाळाबरोबर तळही उकरते, आणि जो मुरूम शेताबाहेर काढायला पैसे मोजावे लागतात तोच ट्रॉलीतून शेतात येऊन पडतो. रुंद, उथळ, सरळ पात्याची बकेट मात्र तळावरून गाळ सोलून काढते. ऑपरेटरला पात्याखाली कठीण लागल्याचे हाताला जाणवते आणि तो थांबू शकतो. दातांच्या बकेटमध्ये ती जाणीव उशिरा होते, कारण तोवर दात आत घुसलेले असतात.

इथे काळ्या मातीचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. कापसाची काळी माती ओली झाली की फुगते आणि लोखंडाला घट्ट धरते. अरुंद, खोल आणि काटकोनी कोपऱ्यांच्या बकेटमध्ये ती आधी कोपऱ्यांत बसते, मग त्या थरावर दुसरा थर बसतो. थोड्या वेळाने ऑपरेटर बकेट उलटी करून हवेत झटकू लागतो, मग ट्रॉलीच्या फळीवर आपटू लागतो. त्याने पिना आणि बुश ढिले होतात, ट्रॉलीची फळी वाकते, तरी माती सुटत नाही. मागच्या हाताची नेहमीची बकेट ०.२६ घनमीटरच्या आसपास असते; एका ब्राससाठी तिच्या अकरा फेऱ्या लागतात. तिचा पाचवा हिस्सा जरी चिकटलेल्या मातीने अडवून ठेवला, तर त्याच ब्रासला चौदा फेऱ्या होतात. म्हणजे तीन फेऱ्या माती न हलवता मारल्या आणि त्यांचे डिझेल, वेळ आणि भाडे सगळे लागले. उपाय महागडा नाही. तोंडाकडे रुंद होत जाणारी, आतून गोलसर आणि उथळ बकेट असली की माती आपल्या वजनाने सुटते. तशी बकेट नसेल तर निदान गाळ थोडा सुकल्यावर काम काढावे, हे जुन्या ऑपरेटरांना माहीत असते. पण तासाचे मीटर चालू असताना ते आपणहून सांगतीलच, असे धरून चालू नये.

रुंदी हा तिसरा मुद्दा, आणि माझ्या मते पैशाची सर्वांत मोठी गळती इथे आहे. जळगाव जिल्हा ठिबकचा जिल्हा आहे. केळी, कापूस, हळद, सगळीकडे जमिनीखालून पाइप गेलेले आहेत. त्यात २०१९ पासून जलजीवन मिशनमुळे गावागावांत नळाच्या पाइपलाइनी पडल्या. या पाइपांचा व्यास बहुतेक वेळा काही इंचांचाच असतो. त्यांच्यासाठी चर मात्र नेहमीच्या मागच्या बकेटने, तीन फुटांच्या आसपास रुंदीचा खणला जातो. शंभर फूट लांब आणि तीन फूट खोल चर घ्या. तीन फूट रुंदीने माती निघते नऊ ब्रास; दीड फूट रुंदीच्या बकेटने साडेचार ब्रास. जादाची साडेचार ब्रास माती उकरायची, बाजूला टाकायची, पुन्हा आत ढकलायची, दाबायची, आणि पावसाळ्यात ती खचली की पुन्हा भरायची. हा चर गावातल्या सिमेंटच्या रस्त्यातून जात असेल तर नुकसान दुप्पट होते, कारण रस्ताही दुप्पट रुंदीत फुटतो. फुटलेल्या काँक्रीटची कड सरळ नसली की दुरुस्तीचा नवा पट्टा जुन्याला धरत नाही. रस्ता आधी कटरने दोन सरळ रेषांत कापून घ्यावा आणि मग अरुंद बकेटने चर घ्यावा, हे कुणालाही पटण्याजोगे आहे. ते होत नाही, कारण निविदेत पाइपची लांबी आणि चराची खोली काटेकोरपणे पाहिली जाते, पण आलेल्या यंत्राच्या बकेटची रुंदी तपासायची पद्धत नाही. सरपंच आणि ग्रामसेवक यांनी एवढी एक गोष्ट लावून धरली तरी गावाचे रस्ते वाचतील.

आता तेलाच्या दाबावर चालणारी अवजारे, म्हणजे ब्रेकर, ऑगर, पकडीचे पंजे, झाडू वगैरे. बकेट निवडताना वजन आणि आकार पाहून भागते. या अवजारांना तेल लागते, आणि तेलाच्या दोन गोष्टी पाहायच्या असतात, मिनिटाला किती लिटर वाहते आणि किती दाबाने. या दोन्हींच्या गुणाकाराला सहाशेने भागले की किलोवॅट निघतात. मिनिटाला ६० लिटर तेल १५० बार दाबाने मिळत असेल तर अवजाराला १५ किलोवॅट, म्हणजे सुमारे २० अश्वशक्ती मिळते. इंजिन पंचाहत्तरचे आहे म्हणून अवजाराला पंचाहत्तर मिळत नाहीत. ज्या अवजाराला यापेक्षा जास्त तेल हवे ते जोडले तर जाते, फिरतेही, पण जोर लागला की थांबते आणि तेल तापते. तापलेले तेल पातळ होते, सील खाते, पंप झिजवते. दुरुस्तीचे बिल महिन्या-दोन महिन्यांनी येते, त्यामुळे त्याचा दोष कोणी अवजाराला देत नाही.

ब्रेकरच्या बाबतीत भूगोल आपल्या मदतीला येतो. तापी आणि पूर्णेचा गाळाचा पट्टा खोल मातीचा आहे. चांगदेवला संगमाकडे जाताना नदीकाठच्या दऱ्या-घळी पाहिल्या की मातीचे थर किती जाड आहेत ते उघड्या डोळ्यांनी दिसते. या पट्ट्यात पाया किंवा चर खणताना ब्रेकरची गरज पडली तर ती जुन्या काँक्रीटपुरती. दक्षिणेकडे बोदवडच्या अंगाला चढत गेलो की काळा पाषाण वर येतो आणि तिथे ब्रेकरशिवाय विहीर किंवा शेततळे पुढे सरकत नाही. एकाच तालुक्याच्या दोन टोकांना अवजाराची गरज इतकी वेगळी असते, तरी यंत्राचा दर एकच आणि जोडणीही एकच. ब्रेकर वापरण्याचे नियमही माहीत असावेत, कारण त्यावरून ऑपरेटर ओळखता येतो. छिन्नी खडकाला काटकोनात टेकली पाहिजे. खडक फुटून छिन्नी मोकळी झाली की मारा लगेच थांबला पाहिजे. हवेत मारलेला प्रत्येक ठोका ब्रेकर स्वतः सोसतो. एका जागी अर्ध्या मिनिटात खडक फुटला नाही तर जागा बदलायची, तिथेच हट्ट धरायचा नाही. छिन्नी पहार म्हणून वापरून दगड उचकटायचा नाही. काम चालू असताना दर काही तासांनी ग्रीस द्यायचे. हे पाळणारा माणूस समोर असेल तर दहा-वीस रुपये दर जास्त देण्यात तोटा नाही.

ऑगरचेही असेच. कुंपणाच्या खांबांना किंवा फळझाडांना खड्डे घ्यायला तो उत्तम, पण ओल्या काळ्या मातीत फिरवला तर खड्ड्याची भिंत आतून गुळगुळीत लिंपल्यासारखी होते. ती सुकली की कडक बनते, पाणी बाहेर झिरपत नाही आणि रोपाच्या मुळ्या भिंतीला आपटून गोल फिरतात. अशा वेळी खड्ड्याच्या कडा कुदळीने खरवडणे किंवा वाफसा येईपर्यंत थांबणे, एवढेच करायचे असते.

कापूस आणि केळी ही खानदेशची दोन पिके लोडरच्या जोडणीबद्दल जितके शिकवतात तितके कुठल्याही कंपनीचे माहितीपत्रक शिकवणार नाही. जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग हलवायला लोडर लागतो. तिथे मातीकामाची दातांची बकेट वापरणे दुहेरी चूक आहे. एक तर लोखंडी दात सिमेंटच्या फरशीवर घासले की ठिणगी उडू शकते, आणि सुक्या कापसाला तेवढीच पुरते. दुसरे, बकेटच्या कोपऱ्यातली माती, ग्रीस आणि गळणारे तेल कापसात मिसळते. केंद्र सरकारने २००० साली सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंगची आवारे पक्की करण्यावर आणि कापसातली भेसळ, म्हणजे माती, सुतळी, प्लास्टिक, कमी करण्यावर भर होता. पक्की फरशी करून तिच्यावर चिखलातून आलेली बकेट फिरवली तर त्या खर्चाचा अर्धा उपयोग वाया गेला. तिथे हवी ती रुंद, हलकी, रबराच्या किंवा नायलॉनच्या कडेची ढकलपाटी, आणि यंत्राच्या सायलेन्सरवर ठिणगी अडवणारी जाळी.

केळीचे प्रकरण वेगळे आहे. कापणी झाल्यावर उभी राहिलेली खोडे किंवा मे-जूनच्या वादळात आडवी झालेली बाग काढायला शेतकरी जेसीबी बोलावतो आणि पुढच्या बकेटने सगळे एका बांधाकडे लोटून घेतो. काम झटपट दिसते. पण केळीच्या खोडात बहुतांश पाणीच असते. ते लोटताना बकेटचे पाते जमिनीत रुतते आणि खोडांबरोबर वरची मातीही बांधाला जाते. एका एकरावरून सरासरी एक इंच माती जरी खरवडली गेली तरी ती छत्तीस ब्रास भरते. उन्हाळ्यात डिझेल जाळून, ट्रॉल्या लावून गाळ आणणारा शेतकरी वर्षाच्या दुसऱ्या टोकाला आपल्याच शेताची छत्तीस ब्रास कसदार माती बांधावर ढकलतो, याची मला खंत वाटते. त्यावर पंज्यासारखी बोटे असलेली पकड हा चांगला उपाय आहे. खोडे उचलली जातात, माती बोटांमधून खाली गळते. त्याहून चांगला उपाय म्हणजे ट्रॅक्टरमागच्या यंत्राने खोडांची जागीच कुट्टी करून ती जमिनीत मिसळणे. मग पालाशासारखे अन्नद्रव्य शेतातच राहते. काही कामांना योग्य जोडणी लोडरच्या टोकाला नसते, दुसऱ्याच यंत्राच्या मागे असते. ते मान्य करणे हाही निवडीचाच भाग आहे. पॅकिंगच्या शेडमध्ये केळीच्या पेट्या पॅलेटवर रचून हलवायच्या असतील तर काटे लावलेला लोडर चालतो. मात्र काट्यांवर ओझे बकेटपेक्षा पुढे जाऊन बसते, म्हणून उचलण्याची क्षमता कमी धरावी लागते, आणि ओबडधोबड जमिनीवर त्याहूनही कमी.

एका गोष्टीचा उल्लेख इथेच केला पाहिजे. मिरवणुकीत बकेटमध्ये माणसे उभी करून गुलाल आणि फुले उधळण्याची आणि एरवी त्याच बकेटमधून खांबावरचा दिवा लावण्याची सवय आपल्याकडे पडली आहे. बकेट माणसांसाठी केलेली नाही. तिला कठडा नाही, तेलाची नळी फुटली तर ती जागच्या जागी थांबेल याची हमी नाही. माणूस उंचावर न्यायचा तर त्यासाठी बनवलेला पिंजरा आणि त्यासाठी मान्य असलेले यंत्रच हवे.

या सगळ्यावर यंत्रमालकांचे काही आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की, ऑपरेटर हुशार असेल तर एकाच बकेटने सगळे काम निभावते. निभावते, हे खरे आहे. आपल्याकडच्या ऑपरेटरांचे कसब खरोखर वाखाणण्यासारखे आहे. पण तीन फुटांची बकेट त्याच्या कसबाने दीड फुटांची होत नाही आणि लोखंडाला चिकटणारी माती चिकटायची थांबत नाही. त्याचे कसब चुकीच्या अवजाराची भरपाई करण्यात खर्च होते, हाच तर तोटा. दुसरा आक्षेप खर्चाचा: यंत्राच्या हप्त्यांनी वाकलेल्या मालकाने चार-पाच जोडण्या घ्यायच्या आणि त्या वर्षातले आठ महिने गोठ्यात गंजत ठेवायच्या का? एकट्याने घेऊ नयेत, हे माझेही मत आहे. पण अवजारे वाटून वापरण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून २०१४-१५ पासून शेतकरी गटांच्या अवजारे बँकांना मदत मिळत आली आहे आणि नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्रे त्यांतून फिरतात. गावातल्या चार यंत्रमालकांनी मिळून एक अरुंद बकेट, एक उथळ गाळाची बकेट आणि एक पकड घेतली तर ती चौघांच्या कामाला येईल. यंत्रांच्या पिनांचे माप जुळते का, एवढे आधी पाहावे लागेल. वेगवेगळ्या कंपन्यांची मापे वेगळी असतात आणि तिथेच असे प्रयत्न फसतात.

तिसरा आक्षेप गावातल्या वेल्डिंगवाल्याच्या बाजूने येतो. कंपनीची बकेट महाग, आमचा माणूस त्याच मापाची अर्ध्या किमतीत करून देतो. बकेटपुरते हे म्हणणे मला बरेचसे पटते. भुसावळ-जळगावच्या वर्कशॉपमध्ये चांगली कामे होतात आणि तो पैसा इथेच राहतो. फक्त दोन गोष्टींत तडजोड नको. ओठाचे पाते झीज सोसणाऱ्या पोलादाचेच हवे, साध्या पत्र्याचे नको. आणि पिनांची भोके एका रेषेत आणि अचूक मापाची हवीत, नाहीतर नवी बकेट जुना हात खाऊन टाकते. तेलावर चालणारे अवजार मात्र गावठी जुगाडाने कधीही करू नये. चौथा आक्षेप बदलण्याच्या वेळेचा. पिना ठोकून बकेट काढण्यात आणि बसवण्यात बराच वेळ जातो, म्हणून जी आहे तीच चालवली जाते. यावर झटपट जोडणीचे कपलर मिळतात आणि ऑपरेटरला काही मिनिटांत अवजार बदलता येते. पण कपलर स्वतःचे वजन घेऊन येतो आणि बकेट थोडी पुढे ढकलतो, त्यामुळे खोदण्याचा जोर किंचित घटतो. शिवाय त्याची सुरक्षा पिन लावायची राहिली तर बकेट सुटून खाली पडते आणि अशा अपघातांत जगभर माणसे दगावली आहेत. ज्याचे काम दिवसातून दोनदा बदलते त्याने कपलर घ्यावा. ज्याचे यंत्र महिनाभर एकाच तळ्यावर असते त्याला पिनाच बऱ्या.

आणि आता मूळ मुद्दा. भाडे तासावर राहील तोपर्यंत हे सगळे कागदावरच राहील. काम मोजून पैसे देण्याची पद्धत आली, ब्रासवर किंवा चराच्या फुटावर, तर योग्य बकेटची निकड यंत्रमालकालाच वाटू लागेल. चिकटलेल्या मातीच्या तीन फेऱ्या त्याच्या खिशातून जातील. लोक म्हणतात, मोजणीवरून भांडणे होतील. होतीलही, सुरुवातीला. पण सरकारी कामात मोजमाप पुस्तिका आहेच. तलावाची खोली काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर ठरलेल्या जागी मोजली, ट्रॉल्यांचे एकदा माप घेऊन नंतर फक्त फेऱ्या मोजल्या, तर हिशेब कुणालाही पडताळता येतो. चराची लांबी तर फितीने मोजता येते. तासावर दर देण्यात भांडण नसते असेही नाही. यंत्र बंद पडले, डिझेल संपले, ऑपरेटर जेवायला गेला, तो वेळ कोणाचा, यावरून वाद रोजच होतात. ज्या कामात काय निघेल याचा अंदाजच नसतो, पडकी भिंत काढणे, पुरानंतर वाट मोकळी करणे, जुना बांध फोडणे, तिथे तासाचाच दर रास्त आहे. आणि ऑपरेटरचा पगार वेगळा असतो, त्याच्यावर ब्रासचे ओझे टाकून धोकादायक घाई करायला लावू नये, हेही मालकाने पाहिले पाहिजे.

यंदा तळ्याचा गाळ काढायचा असो, ठिबकची लाइन पुरायची असो की केळीची बाग मोडायची असो, यंत्राला होकार देण्याआधी मालकाला तीन गोष्टी विचारा आणि जमले तर कागदावर घ्या: कोणती बकेट घेऊन येणार आणि तिची रुंदी किती, पैसे तासावर की ब्रासवर, आणि काम संपल्यावर मोजणी कोण करणार. ग्रामपंचायतीच्या कामात हीच तीन वाक्ये ठरावात घाला.